बंदुकीवर वाहिलेलं फूल

गुरुजी, उद्या खंडेनवमी. सकाळी बाजारातून झेंडू आणले आणि तुमची आठवण झाली. खरं सांगायचं तर तुमच्या पोटरीची.

मी तिसरीत होते, सत्त्याहत्तर साल असेल. आपली शाळा म्हणजे नाशिकच्या कडेला मळ्यांमधल्या दोन खोल्या, आणि मास्तर तुम्ही एकटे. पाटीपूजनाला तुम्ही फर्मान काढलंत, "ज्याच्या घरचं पोट ज्या हत्यारावर चालतं, ते घेऊन या. पाटीशेजारी त्याचीही पूजा करू." सुताराचा रंधा आला, शिंप्याची कात्री आली. आमचं पोट चालायचं खुरप्यावर, पण खुरपं कोण मिरवतो? माझ्या वडिलांनी, दादांनी, द्राक्षांवरची पाखरं उडवायची ठासणीची बंदूक आणली, चांगली तेल लावून. आतला बार काढायचा तेवढा विसरले.

उदबत्ती लागलेली आहे, आम्ही पोरी ओळीनं फुलं वाहतोय आणि एकदम धाडकन आवाज होतो. धूर विरतो तेव्हा तुम्ही भिंतीला टेकून बसलेले, धोतर लाल झालेलं, आणि विचारताय काय, तर "पोरं सगळी धड आहेत ना?" मग पोलीस आले. कुणाचा हात लागला, असं त्यांनी दरडावलं. दादा पुढे झाले. "माझा लागला, सायेब."

बंदूक जप्त झाली, दादा दोन दिवस चौकीत बसून आले आणि शाळा ओस पडली. "साळंत बंदूक फुटली बाई, पोरी नाय धाडायच्या आता," असं विहिरीवर ठरलं. मुलगे आठवड्यानं परतले. पोरींच्या हातात खुरपी आली. मी तर बंदूकवाल्याची पोर. आईनं माझी पाटी फळीवर टाकली, तेव्हा आपली शाळा सुटली ती कायमचीच, असं वाटून मी ढसाढसा रडले.

मग तुम्ही काठी टेकत घरोघर फिरलात. आमच्या चुलीपाशी बसून बशीत चहा ओतत म्हणालात, "छर्रे लागले मला आणि लंगडतेय शाळा! हा कुठला न्याय?"

"चुकी झाली गुरुजी, तुमचे पाय धरतो," दादा म्हणाले.

"एकच धरा. दुसरा अजून लय दुखतोय."

आई पदराआड हसली. त्या घरात महिनाभरानं कुणी हसलं असेल. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. बंदूकवाल्याची पोर जाते तर आपलीनं काय घोडं मारलंय, म्हणून बाकीच्याही एकेक करून आल्या.

पुढच्या खंडेनवमीला दादांनी मुकाट्यानं खुरपं आणलं. तुम्ही ते मधोमध मांडलंत, फुलांचं ताट माझ्या हाती दिलंत आणि हळूच म्हणालात, "फूल वरच ठेव हं. आत खुपसू नकोस." माझे कान तापले.

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. दादांचा हात लागलाच नव्हता, गुरुजी. बंदुकीच्या घोड्याखाली फूल नीट बसेना, म्हणून मी तो मागे ओढला आणि बोट निसटलं. तुम्ही कधी विचारलं नाहीत, मी कधी सांगितलं नाही, आणि दादा मरेपर्यंत गावाचे बंदूकवाले राहिले. मी पुढे इंदिरानगरच्या शाळेत तीस वर्षं बाई होते. खोटं बोलणाऱ्या एकाही पोराला ओणवं उभं केलं नाही. सगळ्यांना वाटायचं, बाई फार मायाळू आहेत.

मला तोंडच नव्हतं हो. हे पत्र उद्या पाटीखाली ठेवते. शेजारी दादांचं खुरपं मांडीन आणि फूल वाहीन, वरच्यावर.