सूनबाईची दुसरी मूठ

ऐझॉलहून थोरलीचा धाकट्या बियाकीला प्रभूमध्ये सलाम.

मी मजेत आहे, गुडघ्याचं तेवढं विचारू नकोस. तुझी डुकरीण नीट खाते ना?

आनंदाची बातमी म्हणजे सूनबाई रिनीला सातवा महिना लागला. आधीची दोन्ही पोटातच गेली, म्हणून मी तिच्यावर डोळा ठेवून असते. पण ही बया गाणी म्हणत भांडी घासते. मला वाटलं, डॉक्टरने काहीतरी वाईट सांगितलंय आणि नवराबायको माझ्यापासून लपवतायत.

त्यात आणखी एक. भात टाकण्याआधी आपण सगळ्याजणी चर्चसाठी एक मूठ तांदूळ बाजूला काढतो, तर ही दोन काढते. तीन दिवस मी दाराआडून पाहिलं. चौथ्या दिवशी विचारलंच, "कसलं पाप झाकतेस गं?"

ती हसली. "आई, दुसरी मूठ तुमच्या काळजीची. तुम्ही ती देवाकडे सोडत नाही, म्हणून मी सोडते. बाळ छान आहे म्हणाले डॉक्टर. पुढचं तो बघेल."

मी म्हटलं, "माझी काळजी माझ्या हाताने देईन, तू मध्ये पडू नकोस."

आज दुसरी मूठ मीच टाकली. काळजी खरंच गेली का म्हणून लगेच चर्चच्या तांदळाच्या डब्यात वाकून पाहिलं, खोटं कशाला बोलू.

बाळाला पाठीशी बांधायचं कापड मागे दोनदा विणलं आणि दोनदा पेटीत ठेवून दिलं, म्हणून यंदा मागाला हात लावला नव्हता. आता कुणी इकडे येत असेल तर लाल सूत पाठव. मी विणायला बसते.

घरातल्या सगळ्यांना प्रभू सांभाळो.

तुझी ताई,
थांछुंगी