रविवारची नारळवडी

ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाचा चौथा रविवार, सायंकाळ. मुक्काम महाळुंगे.

मारियामातेच्या यात्रेस पायी निघालेला आमचा गट दुपारी एका बंद कारखान्याच्या सावलीत थांबला. आज आनंदाचा रविवार, उपवासकाळाच्या मधला विसाव्याचा दिवस. सकाळी फादर गुलाबी झगा घालून आले होते. माझी पत्नी ॲग्नेस गेल्यानंतरचा हा माझा पहिला उपवासकाळ. या दिवशी ती दरवर्षी नारळाच्या वड्या करीत असे. आज तिच्या धाकट्या बहिणीने, रोझीने, त्या करून आणल्या.

“भाऊजी, रविवारी कसला उपवास? घ्या. ताईसारखी जमली का, खरं सांगा.”

वडी तोंडात विरघळली. ती ॲग्नेसच्या वडीहून सरस होती. कित्येक महिन्यांनी मला काही मनापासून आवडले, आणि ते नेमके हे असावे?

“तिच्या हाताची सर नाही,” मी म्हणालो. “उगाच खटाटोप केलास.”

रोझीने डबा बंद केला. तिचे डोळे भरून आलेले मला दिसले. मी ॲग्नेसची बाजू राखली, असे स्वतःला बजावत पुढे चालत राहिलो.

त्या वडीची चव मात्र अद्याप जिभेवर आहे. रविवार अजून संपलेला नाही. डबा रोझीच्या पिशवीतच आहे. कोणत्या तोंडाने मागू?