गिरणेत सोडलेला फोटो

चाळीसगाव, १० नोव्हेंबर १९९४

ती. आईस हनोखचा शालोम आणि नमस्कार,

आजोबांचा फोटो आता नाही. शेजारच्या भिकुबाईंनीच आज सांगितलं. इस्रायलला, लोदला निघताना तू तो त्यांच्याकडे ठेवलास ना? तीस वर्षं त्यांनी त्याला हार घातला, पितृपक्षात घास ठेवला.

त्या म्हणाल्या, "वाळवी लागनी व्हती, भाऊ. पूर्वजले काय उकिरडावर फेकसू? गिरणामा सोडी दिना."

नदीत सोडून दोनच महिने झाले. आजोबांनी फोटोच्या पाठीवर लिहिलेली वाडवडिलांची नावंही गेली. दोन वर्षं तू 'जाऊन फोटो घेऊन ये' म्हणत होतीस, मी रजेची सबब सांगत राहिलो. भिकुबाईंवर रागावू नकोस, चूक माझी आहे.

मी बरा आहे. भिकुबाई उपाशी राहू देत नाहीत. "तुन्ही माय आजूनबी शनवारले चूल पेटाडत नही का?" असं विचारून हसल्या; आपला शब्बाथ त्या विसरलेल्या नाहीत. तुझे गुडघे कसे आहेत?

उद्या त्यांचे दीर झुलालआबा धुळ्याहून येतील. फोटोची काच बदलताना त्यांनी ती नावं वाचली होती म्हणे. त्यांना आठवतील तेवढी, हे पत्र पोचल्यावर, फोनवर वाचून दाखवीन. तुला आज आठवत नसली, तरी लहानपणी तू ती ऐकली आहेस. खरी कोणती, ते तुलाच ओळखावं लागेल.

तुझा,
हनोख