पोस्टमध्ये मयत, कामावर हजर

मी मेलेली नाही. मृत्युपत्रात हे सगळ्यात आधी लिहावं लागतंय, कारण आमच्या विभागाच्या सरांनी मागच्या महिन्यातल्या शेवटच्या बुधवारी सकाळी साडेनऊला फोनवर लिहून मला मारलं आणि दहाला माझ्याच हातचा चहा घेतला. वर म्हणाले, "मावशी, आज साखर कमी पडली." मेलेल्या बाईच्या हातून चहा घ्यायचा तो घ्यायचा, आणि त्यातही खोड काढायची!

दस्त लिहिणारे काका म्हणाले, "बाई, अशी सुरुवात नसते. आधी वय लिहा, शुद्धीवर आहे म्हणून लिहा." लिहिते. वय त्रेपन्न पूर्ण. शिक्षण चौथी पास. पाचवीची शाळा लांब होती आणि घरात धाकटा भाऊ सांभाळायचा होता. काम, कॉलेजच्या समाजशास्त्र विभागात शिपाई, बावीस वर्षं. आज मी पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने, कोणाच्या धाकाने किंवा भरीला पडून नव्हे, स्वतःच्या हाताने हा कागद करते. याआधी असा कागद केलेला नाही, त्यामुळे माझ्याकडून रद्द करण्यासारखं काही नाही. रद्द करायचं ते सरांनी लिहिलंय. त्याच्याकडे येतेच.

कलम १. राहती दीड खोली, तिसरा मजला, जिन्याला लागून, नळ आत. ती माझ्या नावावर आहे आणि माझ्या पश्चात माझ्या मुलीची. मुलगी परगावच्या हॉस्पिटलात नर्स आहे. लग्न करो न करो, घर तिचंच. माझ्या धाकट्या जाऊबाई "ताई, माझी एक ट्रंक फक्त तुमच्या जिन्याखाली" असं सहा वर्षं म्हणतायत. ट्रंकेमागून माणूस येतं हे मला कळतं. ट्रंक येणार नाही.

कलम २. शिलाई मशीन, पायाचं, चालू. तेही मुलीला. जाऊबाईंनी ते दोन महिन्यांसाठी नेलं, दोन वर्षांनी परत केलं, ते बॉबिनची डबी काढून ठेवून. ती डबी मी या कागदाने त्यांना कायमची देऊन टाकते. मशीनवाचून डबीत काय शिवता येतं ते त्यांनी खुशाल शिवावं.

कलम ३. बँकेत असेल ते मुलीचं. आकडा लिहीत नाही. हा कागद सर वाचणार आहेत, आणि आकडा दिसला की त्यावरही पोस्ट करतील.

कलम ४. माझे शब्द. काका म्हणाले, इस्टेट म्हणजे स्थावर आणि जंगम, शब्द त्यात धरत नाहीत. मी म्हटलं, सरांनी माझ्या शब्दांवर पुस्तक काढलंय, मग माझ्याकडेच कसे धरत नाहीत? काकांनी पेन माझ्याकडे सरकवलं. म्हणून हे कलम लांब आहे, आणि काकांनी यात हात घातलेला नाही.

दीड वर्षापूर्वी वर्गातला नवा फळा लागेना. तोच, विजेवर चालणारा. सर त्याच्यावर बोटं आपटत होते, पोरं हसत होती. मी खाली वाकले आणि म्हटलं, "सर, प्लग निघालाय." लावला, फळा लागला. संध्याकाळी सरांनी फोनवर लिहिलं, "आमच्या विभागातल्या मावशी आज म्हणाल्या, सर, यंत्राला अक्कल नसते, ते माणसाची उसनी घेतं." हजार लोकांनी अंगठे दाखवले. कोणी लिहिलं, अशा निरक्षर बायकाच खऱ्या गुरू. निरक्षर! मी सही करते, पेपर वाचते. सावकाश वाचते, पण वाचते.

हे मला कळलं तासावरच्या ताईंमुळे. ताई म्हणजे विभागातल्या त्या शिक्षिका ज्यांना पगार नाही, तासाप्रमाणे मिळायचं, आणि आपल्या तासांबरोबर सरांचेही तास त्याच घ्यायच्या. चहाच्या खोलीत त्यांनी मला वाचून दाखवलं आणि विचारलं, "मावशी, तुम्ही खरंच असं म्हणालात?"

"मी म्हटलं प्लग निघालाय."

ताई इतक्या हसल्या की चहा नाकातून आला.

मग सरांना चटकच लागली. निवडणूक झाली तेव्हा "मावशी म्हणाल्या, राजा बदलला तरी चुलीचा धूर तोच." माझ्याकडे अठरा वर्षं गॅस आहे. मत कोणाला दिलं ते मी नवरा होता तेव्हा त्यालाही कधी सांगितलं नाही, तर सरांना सांगेन? मी एवढंच म्हटलं होतं की रांगेत उभं राहून पाय सुजले. परीक्षा झाल्या तेव्हा "मावशी म्हणाल्या, पदवी म्हणजे कोऱ्या पोत्यावरचा शिक्का." मी म्हटलं होतं, "सर, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे महिनाभर कपाटाखाली पडलेत, वाळवी लागेल." ते काही छापलं नाही.

ज्या आठवड्यात सरांनी तासावर राबणाऱ्या शिक्षकांच्या पिळवणुकीवर पाच भाग लिहिले, त्याच आठवड्यात ताईंचे तास शून्यावर आणले. ताईंनी बैठकीत विचारलं होतं, "सर, तुमचे तास तुम्ही कधीपासून घेणार?" त्या आता दोन गल्ल्या पलीकडे शिकवणीच्या वर्गात शिकवतात. पाचव्या भागाला सगळ्यात जास्त अंगठे आले.

आता माझा अंगठा. दारात हजेरीचं यंत्र बसवलं. बावीस वर्षं फिनेल आणि घासणी, बोटांवरच्या रेषा गेल्या, अंगठा गुळगुळीत. यंत्रातली बाई रोज म्हणते, "कृपया पुन्हा बोट ठेवा." ठेवते, पुसून ठेवते, ओला करून ठेवते. एका महिन्यात नऊ दिवस मी गैरहजर, आणि त्या नऊही दिवशी विभाग झाडलेला. ऑफिसातला कारकून म्हणाला, "विभागप्रमुखांची सही आणा, तुमची हजेरी वहीत घेऊ." मी अर्ज लिहिला, सरांच्या टेबलावर ठेवला.

सर म्हणाले, "बघतो. मावशी, अंगठा दाखवा जरा. असा उजेडात धरा."

मला वाटलं अर्जाला जोडायला फोटो काढतायत. संध्याकाळी तो फोटो फोनवर. खाली माझ्या तोंडी, "ज्या व्यवस्थेला श्रमाचा अंगठा वाचता येत नाही, ती व्यवस्थाच अडाणी." वाक्य चांगलं आहे, मी नाही म्हणत नाही. पण मी म्हणाले होते, "सर, सही करता का?" अकरा महिने झाले. रोज सकाळी मी तो अर्ज गठ्ठ्यातून काढून समोर ठेवायचे, रोज दुपारी त्याच्यावर सरांचा कप असायचा. कपाच्या बुडाचे गोल इतके उमटलेत की माझं अक्षर त्याखाली शोधावं लागतं.

मग पेपरातली एक मुलगी आली. दारात मीच होते, हातात फरशी पुसायची काठी. मला म्हणाली, "त्या मावशी कुठे भेटतील?"

"कोणत्या?"

"त्या हो, सरांच्या. इतकं खोल बोलतात त्या."

मी तोंड उघडणार तेवढ्यात सर आतून आले. "त्या आजारी आहेत," म्हणाले, "फार आजारी." मुलगी म्हणाली, मग घरी जाऊन भेटते, पत्ता द्या. सर म्हणाले, दोन दिवसांनी कळवतो. दोन दिवसांनी बुधवार होता. कळवलं.

त्या बुधवारी मला सांगितलं, चार वाजता शोकसभा आहे, मोठ्या खोलीत साठ खुर्च्या लावा. मी विचारलं, "कोण गेलं?" मुलं म्हणाली, "सरांच्या ओळखीच्या कोणी." मी खुर्च्या लावल्या, पाणी भरलं, तांब्या झाकून ठेवला. कोणाचं का असेना, गेलेल्या माणसाचं काम नीट करावं. पडद्यावर फोटो लागला. माझा अंगठा. तव्यावर भाजल्याची खूण त्याच्यावर आहे, ती मी हजारात ओळखेन.

सर बोलायला उठले. आवाज भरून आलेला. "मावशी गेल्या. विद्यापीठ नसलेलं विद्यापीठ गेलं." सगळे दोन मिनिटं उभे राहिले. मी दारात पाण्याचा ट्रे घेऊन उभीच होते. सरांनी डोळे पुसून वर पाहिलं आणि मी दिसले. पाण्याचा पेला त्यांनीच उचलला.

सभा संपल्यावर जिन्यात गाठलं. म्हटलं, "सर, मी मेले कधी?"

"अहो मावशी, ती तुम्ही नाही. ती एक प्रतिमा आहे. तुम्हाला नाही कळायचं."

"मग अंगठा कोणाचा आहे?"

"हळू बोला."

हळू बोला! शोकसभेत माझ्याबद्दल माईकवर बोलायचं, आणि मी बोलले की हळू.

इथपर्यंत मी सोडलंही असतं. लोकांचं काय, आज अंगठा दाखवतात, उद्या विसरतात. पण कामाच्या वेळात माझा फोन कपाटात बंद असतो. माझ्या मुलीने दुपारी दोनला ड्यूटीवर ती पोस्ट पाहिली. तिने अंगठा ओळखला. ती खूण तिच्यासाठी भाकरी करताना पडलेली. तिने मला एकतीस वेळा फोन केला. चार तास, बसमध्ये उभ्याने, माझी मुलगी आई मेली म्हणून येत होती. सहाला ती फाटकात पोचली, नर्सच्या कपड्यात, गळ्यात हॉस्पिटलचं कार्ड. मी सभेच्या खुर्च्या अंगणात आणून एकात एक घालत होते. तिने मला पाहिलं आणि तिथेच खाली बसली. रडली नाही. फाटकावरच्या दादांकडून पाणी घेतलं, प्यायली आणि मला म्हणाली, "आई, तू आधी फोन चालू ठेवायला शीक." मग मात्र तिचं रडू थांबेना. ते चार तास मी सरांना माफ करणार नाही, या कागदानेही नाही आणि मेल्यानेही नाही.

खोटं लिहिणार नाही. मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाला हेच सर तीन तास ऑफिसात उभे राहिले होते. तेव्हा त्यांच्याकडे बटणांचा फोन होता. ते मी विसरलेले नाही, म्हणून मोठ्या साहेबांकडे, म्हणजे प्राचार्यांकडे, जाण्याआधी हा कागद.

तर शब्दांची वाटणी अशी. मी बोलले ते माझे शब्द, म्हणजे प्लग निघालाय, पाय सुजले, वाळवी लागेल, सही करता का, हे सगळे तासावरच्या ताईंना. त्यांना हवं तिथे त्यांनी छापावेत. मी न बोललेली एकेचाळीस वाक्यं, ताईंनी मोजलीत, ती सरांची सरांना परत. त्यांचं पुस्तक "मावशी म्हणाल्या" या महिन्याच्या सोळा तारखेला, रविवारी, कॉलेजच्या सभागृहात निघतंय. पहिल्या पानावर "कै. मावशींस" छापलंय, खाली माझा अंगठा. छापखान्यातला माणूस ताईंच्या वर्गातल्या एका मुलीचा मामा आहे, मला पान मिळालंय.

कलम ५. कपाचे गोल पडलेला अर्ज मी शनिवारी टेबलावरून उचलला. सरांना अजून पत्ता नाही, कप आता नुसत्या लाकडावर ठेवतात. तो अर्ज, मूळ प्रत, ताईंच्या ताब्यात.

कलम ६. पेचकस, ज्याने मी तो फळा सात वेळा नीट केला, तोही ताईंना. विभागाच्या किल्ल्या कॉलेजच्या, त्या मी कोणाला देत नाही. नाहीतर सर लिहितील, मावशी किल्ली देऊन गेल्या.

कलम ७. मी खरोखर मरेन तेव्हा सरांनी येऊ नये, बोलू नये, फोनवर दोन ओळीही लिहू नयेत. त्यांचं माझ्यावर एकदा रडून झालंय.

कलम ८. या कागदाप्रमाणे सगळं घडवून आणायची जबाबदारी तासावरच्या ताईंवर. त्यांनी हो म्हटलंय. म्हणाल्या, "मावशी, मला आता वेळच वेळ आहे."

वरील मजकूर मी वाचला, बोट ठेवून दोनदा वाचला, आणि तो माझाच आहे. काका म्हणाले, सहीशेजारी अंगठाही उठवा. उठवत नाही. त्या अंगठ्याचं बरंच झालंय. सही करते, पूर्ण नावाने, जोडाक्षरासकट.

लिहून देणार : (सही)

साक्षीदार पहिले : फाटकावरचे पहारेकरी दादा. माझ्यासमोर सही केली. बाई जिवंत आहेत, त्यांच्या मुलीला पाणी मी दिलं. (सही)

साक्षीदार दुसऱ्या : वाचनालयातल्या बाई. माझ्यासमोर सही केली. सरांनी चार वर्षांपूर्वी नेलेली सात पुस्तकं अजून यायची आहेत, तेही इथे लिहिते. (सही)

ठिकाण : विभागातली चहाची खोली
दिनांक : ३, सोमवार. सकाळी यंत्राने मला गैरहजर दाखवल्यानंतर.

ताजा कलम, फक्त सरांसाठी. या कागदाची नक्कल तुमच्या कपाखाली ठेवली आहे, म्हणजे नक्की सापडेल. तीन गोष्टी करा. एक, जिथे मला मारलं तिथेच लिहा की मावशी जिवंत आहेत आणि ती एकेचाळीस वाक्यं तुमची आहेत. दोन, पुस्तकातून मला आणि माझ्या अंगठ्याला काढा. तीन, माझ्या मुलीला पत्र लिहून त्या चार तासांची माफी मागा. अर्जावर आता सही नको, तो तसाच बरा आहे. हो की नाही ते पेनाने, कागदावर, तुमच्या सहीने लिहून चहाच्या खोलीत माझ्या हातात द्या. पोस्ट चालणार नाही. नाहीतर सोळा तारखेला पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर मी बसेन, शेजारी मुलगी, पलीकडे ताई अर्ज घेऊन, आणि पेपरातल्या त्या मुलीला पत्ता मी दिलेलाच आहे. तिथल्या खुर्च्याही मीच लावणार आहे. मुदत शुक्रवार, १४ तारीख, संध्याकाळी पाचपर्यंत. सर, उत्तर द्या.