गुडघ्याचं निमित्त

अहो,

काल तुम्ही छत्री घेऊन मला आणायला गुडघ्याच्या डॉक्टरांकडे गेलात आणि मी तिथे नव्हते. तेव्हापासून तुम्ही पाटीवर एक अक्षर लिहिलेलं नाही. जेवण झाकून ठेवलंय. आधी खाऊन घ्या, मग हवं तेवढं रागवा.

माझा गुडघा ठणठणीत आहे. दोन महिने मी गाणं शिकायला जातेय. हो, या वयात. अजून साधा ‘सा’सुद्धा धड लागत नाही. बाई म्हणतात, आवाज घशातच दबून बसलाय. बसणारच! ऑपरेशनमध्ये तुमचा आवाज गेला, त्या दिवसापासून मीही या घरात कुजबुजतच बोलतेय. तुम्ही तसं सांगितलं नव्हतंत, कबूल. पण ‘मोकळेपणानं बोल’ असंही पाटीवर कधी लिहिलं नाहीत.

खोटं सांगून गेले, एवढं माझं चुकलं. आज खरं सांगून चाललेय.

सहाला परत येईन आणि जिन्यातूनच तुम्हाला हाक मारीन, पूर्वी तुम्ही मला हाक मारायचात तशी, शेजारीपाजारी दारात येतील एवढी मोठ्यानं. दाराला आतून कडी असली, तरी मारीन.