गुडघ्यांच्या सोयीने

तीर्थरूप आईस,

तुझ्या धाकटीचा नमस्कार. मी मजेत आहे. हाताला भट्टीचा चटका बसला होता, तो बरा झालाय, उगाच काळजी करू नकोस. बेकरीतून आठ दिवसांची रजाही मिळाली.

तू आलीस की त्या जुन्या शहरात जाऊ. बाबांनी कपाटाच्या दाराला आतून ज्याचं चित्र चिकटवलं होतं ना, तेच. आधी तटबंदी आणि बाजार, मग दोन दिवस किनारा. कुठल्या दरवाजाला पायऱ्या कमी, बाक कुठे, गाडी वाळूपर्यंत कुठे जाते, सगळं मी कागदावर उतरवलं.

काल तिकिटं काढायला गेले. खिडकीवरच्या बाईंनी कागद वाचून विचारलं, "गुडघे कोणाचे दुखतात?" तेव्हा कळलं, मी काय करून बसले ते. बाबांना जाऊन चार महिने झाले, आणि तू तर अजून जिना धावत चढतेस.

एकटीसाठी नीट रांधतेस ना, की चहावरच भागवतेस?

बाई म्हणाल्या, हवं तर बेत बदलून आणा. मी नाही बदलला. तू ये. प्रत्येक बाकावर बसू, मध्ये एका माणसाची जागा ठेवून.

तुझी वाट बघणारी,
धाकटी