शेवाळाचं सार आणि कू साहेबांची दुसरी संधी

ताई,

मोक्पोहून तुला वाकून नमस्कार, आणि भावोजींना त्याहून जरा जास्त वाकून. तुझी कंबर कशी आहे? वांदोला थंडी पडली का? महिनाभर लिहीन लिहीन म्हणतोय. दोनदा कागद घेतलाही. एकदा धक्क्यावर ऑक्टोपस उतरवताना बघत बसलो, एकदा डोळा लागला. आज मात्र संतापलोय, त्यामुळे झोपेची भीती नाही.

जेजू बेटाच्या फेरीबोटीवर इंग्रजीतून सूचना देणाऱ्याची जागा निघाली, हे तुला ठाऊक आहेच. (इथे तरी टिकेन, असं आईच्या थडग्यापुढे बोलून आलोय.) त्यासाठी परीक्षा, आणि तीही व्याकरणाची! मी ऑस्ट्रेलियात दोन हंगाम स्ट्रॉबेऱ्या तोडल्या. तिथल्या मालकाच्या तोंडून 'द' कधी ऐकला नाही. शिव्यांच्या गर्दीत त्याला जागाच नसायची. इथे मात्र पानभर नुसता 'द'. नदीला तो हवा, सरोवराला नको. सरोवर काय सावत्र आहे? सोमवारचं पहिलं अक्षर मोठं, उन्हाळ्याचं लहान. एवढा वाईट वार, आणि त्याचा हा मान! बसमध्ये शिरलो तर 'ऑन', टॅक्सीत शिरलो तर 'इन'. (बसच्या टपावर बसायचं का, असं विचारलं, तर परीक्षक म्हणाले, गप्प लिही.) आणि कहर म्हणजे 'मी' कायम मोठ्या अक्षरात, 'तुम्ही' मात्र लहान! आपण वडीलधाऱ्यांसमोर पेला ओठाला लावतानाही तोंड फिरवतो, आणि हे लोक कागदावरसुद्धा छाती काढून चालतात.

तर नापास झालो. पण त्या प्रश्नपत्रिकेला कुणी एका शब्दानं बोललं असेल तर शपथ. त्या दिवशी माझा वाढदिवस होता ना! घरमालकीण बोंग्ने काकूंनी सकाळी समुद्री शेवाळाचं सार पुढ्यात ठेवलं. "आई नाही तुझी, म्हणून मी केलंय. वाटीत थेंब राहता कामा नये." वाढदिवसाचं सार नाकारणं म्हणजे जन्म देणारीला विसरणं, म्हणून दोन वाट्या प्यायलो. मी बसथांब्यावर पोचलो, आणि काकूंना आठवलं की आज परीक्षाही आहे. शेवाळ खाऊन परीक्षेला गेला तो घसरलाच! उत्तरं चिकटून राहावीत म्हणून बिचाऱ्या चिकट मिठाई घेऊन सपाता फटफटवत धावल्या. बस निघून गेली होती.

फेरीचे व्यवस्थापक कू साहेब यांनी माझे गुण पाहिले आणि एकच विचारलं, "सकाळी काय खाल्लं होतंस?"

"शेवाळाचं सार."

"परीक्षेला जाताना? अरे गाढवा, आमची म्हातारी त्या आठवड्यात घरात शेवाळ शिरू द्यायची नाही! मग तुझा काय दोष. पुन्हा बस. पण या वेळी सार प्यायलास असं कानावर आलं, तर माझा भाचा तयार बसलाय."

म्हणजे मी रात्रंदिवस घोकायचं आणि माझ्या पराभवाचं श्रेयही सारानं घ्यायचं! तरी मान खाली घालून "हो" म्हणालो. उद्या सकाळी परीक्षा. नोकरी हवी आहे ग.

तुझा,
सोकजू

ता. क. : खरं काम राहिलंच. आत्याचा फोन आला होता. काकूंनी सार केलं हे कळल्यापासून ती पेटली आहे. "ती सरकारी तारीख! खरा वाढदिवस तिथीनं, तो उद्या. परक्या बाईच्या हातचं प्यायलास, आता माझ्या हातचं पी. मी येते." ताई, तू तिच्या शेजारी राहतेस. तिला अडव. तुझी कंबर गेली म्हणून सांग, काहीही सांग. (फोनच करायला हवा होता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस.)

पुन्हा ता. क. : हे पत्र तुला परीक्षा होऊन गेल्यावर, मंगळवारी मिळेल, हे आत्ता लक्षात आलं.

आणखी एक : खाली बोंग्ने काकू ओरडताहेत. खिडकीतून पाहिलं. कू साहेब आलेत, चक्क स्वतः, मला शुभेच्छा द्यायला! त्यांच्यामागे बाहेरच्या जिन्याचा कठडा धरून आत्या चढते आहे. म्हातारीला ओझं नको म्हणून साहेबांनी तिचं पातेलं स्वतःच्या हातात घेतलंय, आणि वास कसला येतोय म्हणून झाकण उचलताहेत.